‘निर्जंतुक’ म्हणजे किती निर्जंतुक? : एका पारिभाषिक शब्दाची चिकित्सा

मराठीतील जे वैद्यकीय पारिभाषिक शब्द गेल्या काही दशकांत कोशातून बाहेर पडून सर्वसामान्यांच्या बोलण्यात रुळले, त्यांत ‘निर्जंतुकीकरण’ या शब्दाचा क्रम बराच वरचा लागेल. उच्चाराला जड, लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाची परीक्षा पाहणारा असूनही हा शब्द टिकला. २०२० च्या करोना साथीत तर तो घरोघरी पोहोचला. महानगरपालिकांच्या गाड्यांनी रस्त्यांवर सोडियम हायपोक्लोराइटची फवारणी केली, तिला वृत्तपत्रांनी ‘शहराचे निर्जंतुकीकरण’ म्हटले. बाजार समित्यांच्या आणि कार्यालयांच्या दारांशी ‘निर्जंतुकीकरण कक्ष’ उभे राहिले आणि माणसे त्यांतून भिजून बाहेर पडू लागली. माणसांच्या अंगावर अशी फवारणी करू नये, ती निरुपयोगी आणि अपायकारक आहे, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला एप्रिल २०२० मध्ये जाहीर करावे लागले. त्या सूचनेनंतर कक्ष हळूहळू हटले. शब्द मात्र त्याच सैल अर्थाने राहिला.

प्रस्तुत लेखक वैद्यकाचा नव्हे, भाषेचा विद्यार्थी आहे. तेव्हा उपकरणे कशी शुद्ध करावीत हे सांगण्याचा अधिकार त्याचा नाही. परंतु दवाखान्यातील एका अत्यंत जोखमीच्या कामाला आपण कोणता शब्द वापरतो, त्या शब्दात काय सामावते आणि काय निसटते, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाने विचारण्याजोगा आहे. ‘निर्जंतुकीकरण’ हा शब्द मराठीत तीन वेगळ्या क्रियांवर एकच पांघरूण घालतो आणि त्यामुळे त्यांपैकी सर्वांत महत्त्वाची क्रिया दिसेनाशी होते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. जीवाणूंच्या जैवपटलाविषयी, म्हणजे ज्याला सर्वत्र ‘बायोफिल्म’ म्हटले जाते त्याविषयी, जे ज्ञान आज उपलब्ध आहे, त्याच्या प्रकाशात ही त्रुटी केवळ शाब्दिक राहत नाही.

तीन क्रिया, एक शब्द

उपकरण शुद्ध करण्याचे वैद्यकात तीन टप्पे मानले जातात. पहिला, धुणे-घासणे : रक्त, लाळ, ऊतींचे कण आणि त्यांच्याबरोबर बहुसंख्य सूक्ष्मजीव उपकरणावरून प्रत्यक्ष काढून टाकणे. दुसरा, जंतुनाशन : रसायनाने अथवा उष्णतेने बहुतेक रोगकारक सूक्ष्मजीव मारणे. यात जीवाणूंचे बीजाणू, म्हणजे प्रतिकूल काळात ते धारण करतात ती कडक कवचाची सुप्तावस्था, बहुधा वाचतात. तिसरा टप्पा खऱ्या अर्थाने निर्जंतुकीकरणाचा : बीजाणूंसह सर्व सूक्ष्मजीवांचा नाश. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला पंधरा ते वीस मिनिटे किंवा १३४ अंशांना तीन-चार मिनिटे संपृक्त वाफ देऊन तो साधतात. केंद्र शासनाने जानेवारी २०२० मध्ये संसर्ग-प्रतिबंधाची जी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही हे तीन टप्पे वेगळे ठेवले आहेत. अर्ल स्पॉल्डिंग यांनी १९५७ मध्ये मांडलेली आणि पुढे विस्तारलेली वर्गवारी याच भेदावर उभी आहे : जे उपकरण रक्तात किंवा निर्जंतुक ऊतीत शिरते त्याला तिसरा टप्पा अनिवार्य, जे केवळ श्लेष्मल त्वचेला स्पर्श करते त्याला किमान उच्च पातळीचे जंतुनाशन, आणि जे अखंड त्वचेलाच लागते त्याला त्याहून सौम्य उपाय पुरे.

मराठीत मात्र फिनेलने पुसलेली फरशी निर्जंतुक, स्पिरिटने पुसलेला दंड निर्जंतुक, उकळलेली सुई निर्जंतुक आणि ऑटोक्लेव्हमधून काढलेला चिमटाही निर्जंतुकच. गंमत अशी, की उलट दिशेने आपली भाषा अधिक काटेकोर आहे. इंग्रजीत भटक्या कुत्र्यांवरील शस्त्रक्रियेला आणि शस्त्रक्रियेच्या कात्रीवरील प्रक्रियेला एकच शब्द आहे, आपण ‘निर्बीजीकरण’ आणि ‘निर्जंतुकीकरण’ असे दोन सुटे शब्द घडवले. जिथे घोटाळा होण्याची फारशी शक्यता नव्हती तिथे आपण भेद केला आणि जिथे घोटाळ्याने जीव जाऊ शकतो तिथे केला नाही.

‘निर्’ हा उपसर्गही विचारात घेण्यासारखा आहे. निर्धूम, निर्जन, निर्दोष : हे शब्द तरतमभाव मानत नाहीत. ‘थोडेसे निर्जन’ असे आपण म्हणत नाही. म्हणजे ‘निर्जंतुक’ हे विशेषण व्याकरणाच्या दृष्टीने पूर्ण अभावाचे वचन देते. शास्त्र स्वतः एवढे वचन देत नाही हे विशेष. तेथील कसोटी संभाव्यतेची आहे : प्रक्रिया केलेल्या दहा लाख वस्तूंपैकी फार तर एकीवर जिवंत सूक्ष्मजीव उरण्याची शक्यता असावी. शास्त्र जेथे गणिताने बोलते तेथे आपला शब्द निरपवादपणे बोलतो, आणि तोच निरपवाद शब्द फिनेलच्या बाटलीवरही छापला जातो. शब्दाच्या या अवमूल्यनाची किंमत काय असते, हे पाहण्यासाठी सव्वाशे वर्षांमागे, मुंबईच्या परळ भागातील एका प्रयोगशाळेकडे वळावे लागेल.

मुळकोवालची बाटली

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतर त्या शहराचे, आणि पुढे साऱ्या मुंबई इलाख्याचे, जे हाल झाले ते मराठी वाचकाला नव्याने सांगायला नकोत. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. मागणी वाढत गेली तशी प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. आजची हाफकिन संस्था तीच.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुळकोवाल या गावी, परळहून आलेल्या पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी ‘५३-एन’ या एकाच बाटलीतून ज्या १९ जणांना लस मिळाली, ते सर्व धनुर्वाताने मरण पावले. उरलेल्यांना काही झाले नाही. सरकारने मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. बाटलीचे बूच उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेतच, दूषितता आत शिरली असावी, असा आयोगाचा निष्कर्ष होता. हाफकिन यांनी लसीत कार्बोलिक आम्ल मिसळण्याची पूर्वीची पद्धत सोडून केवळ उष्णतेवर भर दिला होता, ही बाब त्यांच्याविरुद्ध गेली. त्यांना प्रयोगशाळेच्या प्रमुखपदापासून दूर व्हावे लागले.

या प्रकरणाची दुसरी बाजू पुढील चार-पाच वर्षांत उजेडात आली. लंडनच्या लिस्टर संस्थेने पुराव्याची छाननी करून दूषितता गावात, बाटली उघडतेवेळी, शिरली असण्याचीच शक्यता अधिक मानली. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू घेतली, आणि त्याच वर्षी सरकारने त्यांना दोषमुक्त केले. बाटली सुमारे सहा आठवडे आधी भरलेली होती. तेव्हाच धनुर्वाताचे जीवाणू आत गेले असते, तर इतक्या दिवसांत त्यांची वाढ होऊन उघडताक्षणी दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती. आणखी एक तपशील साक्षीपुराव्यात होता. बूच काढण्याचा चिमटा सहाय्यकाच्या हातून जमिनीवर पडला होता, आणि तो ज्योतीवर न धरता कार्बोलिकच्या द्रावणात नुसता खळबळून पुन्हा वापरला गेला होता.

या एका वाक्यात आपला सगळा विषय आला आहे. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात आणि कार्बोलिकच्या द्रावणात क्षणभर बुडवल्याने ते मरत नाहीत. सहाय्यकाने काहीच केले नाही असे नाही. त्याने काही तरी केले, आणि जे केले त्याला त्याच्या समजुतीत तेच नाव असणार जे ज्योतीला होते. आयोगाच्या वादाचेही तसेच झाले. सगळी चर्चा ‘कार्बोलिक होते की नव्हते’ या प्रश्नाभोवती फिरली, जणू कार्बोलिकची उपस्थिती म्हणजेच शुद्धता. वास्तविक लसीत मिसळण्याइतक्या सौम्य कार्बोलिकने धनुर्वाताचे बीजाणू मेलेच नसते. विद्वानांचा आयोग आणि गावातला सहाय्यक या बाबतीत एकाच पंगतीला बसले होते, हे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

अर्थात मुळकोवालचा प्रसंग बीजाणूंचा होता, जैवपटलाचा नव्हे; या दोहोंची सरमिसळ करू नये. परंतु ‘बुडवले म्हणजे झाले’ ही जी समजूत तेथे दिसली, तिला जैवपटलाच्या अभ्यासाने अधिक खोलवर धक्का दिला आहे.

चिकटून राहणारे जीव

सूक्ष्मजीवशास्त्राने दीर्घकाळ जीवाणूंचा अभ्यास काचेच्या नळीत, द्रवात तरंगणारे सुटे जीव म्हणून केला. निसर्गात ते असे क्वचित राहतात. ओलसर पृष्ठभाग मिळाला की ते त्याला चिकटतात, स्वतःभोवती बहुशर्करेचा बुळबुळीत थर स्रवतात आणि त्या थरात वेगवेगळ्या जातींची दाट वस्ती करून राहतात. हेच जैवपटल. बिल कॉस्टर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिलेल्या लेखापासून या विचाराला विशेष गती मिळाली. या थरातील जीवाणू सुट्या जीवाणूंच्या मानाने दहापट ते हजारपट अधिक मात्रेचे जंतुनाशक अथवा प्रतिजैविक सहन करू शकतात. औषध थरात सावकाश झिरपते, वाटेत निष्प्रभ होते, आणि तळाशी मंद चयापचय करीत पडून राहिलेल्या पेशींवर त्याचा परिणाम होत नाही. हृदयाच्या कृत्रिम झडपेवर, मूत्रमार्गातील नळीवर किंवा कृत्रिम सांध्यावर एकदा असे पटल जमले, की पुष्कळदा ते उपकरणच काढून टाकावे लागते.

नाव नवे असले तरी निरीक्षण जुने आहे, आणि ते दातांवरचे आहे. डच कापडव्यापारी लेव्हेनहुक यांनी १६८३-८४ च्या सुमारास स्वतःच्या दातांवरील पांढुरका साका खरवडून आपल्या भिंगाखाली पाहिला आणि त्यात हालचाल करणारे असंख्य जीव असल्याचे रॉयल सोसायटीला कळवले. त्यांनी पुढे व्हिनेगरने चूळ भरून पाहिली. साक्याच्या बाहेरच्या बाजूचे जीव मेले, आतले जिवंत राहिले. जंतुनाशकाची मर्यादा सांगणारा याहून साधा प्रयोग सापडणे कठीण. ज्याला आपण ‘कीटण’ म्हणतो ते या साक्याचेच पुढे क्षार साचून घट्ट झालेले रूप, आणि दंतवैद्याकडे ते द्रावणाने विरघळवत नाहीत, खरवडून काढतात. दंतवैद्यकाचे निम्मे शास्त्र या खरवडण्यात आहे.

तरीही दंतचिकित्सालयात जैवपटल दुसऱ्याच ठिकाणी लपून बसते. रुग्णाच्या खुर्चीला जोडलेल्या यंत्रात पाण्याच्या बारीक नळ्या असतात. एअरोटर आणि स्केलरला त्यांतून पाणी मिळते. नळी जितकी अरुंद तितका पाण्याच्या मानाने आतला पृष्ठभाग मोठा. नळीच्या भिंतीलगत प्रवाह जवळजवळ थांबलेला असतो, आणि रात्रभर तर पाणी साचूनच राहते. त्यामुळे शुद्ध पाणी सोडले तरी काही दिवसांत आत थर जमतो आणि दर वेळी पाण्याबरोबर त्याचे तुकडे तोंडात येतात. शस्त्रक्रिया नसलेल्या दंतोपचारासाठीच्या पाण्यात दर मिलिलिटरला ५०० हून अधिक जीवाणू-वसाहती नसाव्यात, अशी मर्यादा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने घातली आहे. देखभाल नसलेल्या नळ्यांत ती अनेक पटींनी ओलांडली जाते. इटलीत २०११ मध्ये ८२ वर्षांची एक स्त्री लीजिओनेला न्यूमोनियाने दगावली आणि तिच्या फुप्फुसातील जीवाणूंचा माग दंतचिकित्सालयाच्या पाण्याच्या नळीपर्यंत लागला.

सोलापूरकरांना ‘साठलेले पाणी आणि बुळबुळीत थर’ हे प्रकरण पुस्तकातून शिकण्याची आवश्यकता नाही. उजनीचे पाणी चार-चार, पाच-पाच दिवसांआड येत असण्याची वर्षे या शहराने भरपूर पाहिली आहेत. भवानी पेठेतल्या घरांत बॅरल, हंडे, टाक्या भरून ठेवण्याची सवय अंगवळणी पडली ती त्यामुळेच. ज्या घरात पाणी साठवतात त्या घरातील बाईला हे पक्के ठाऊक असते, की बॅरलच्या आतला थर तुरटी फिरवून किंवा क्लोरिनची गोळी टाकून जात नाही. बॅरल रिकामे करून, हात खांद्यापर्यंत आत घालून, काथ्याने घासावे लागते. मग पाणी भरायचे आणि मग गोळी टाकायची. क्रम उलटा केला तर गोळी वाया. जैवपटलाच्या संशोधनाचा व्यवहारातला निष्कर्ष याहून वेगळा नाही.

पक्का झालेला रंग

याच पेठेतील आणखी एका व्यवसायाचा दाखला येथे उपयोगी पडेल. सुताला रंग देणाऱ्या कारागिराला रंग ‘पक्का’ करणे म्हणजे काय हे विचारावे. तो सांगेल, की विशिष्ट द्रव्याने रंग धाग्याशी असा बांधला जातो की मग धुतला तरी जात नाही. दवाखान्यात सर्वत्र वापरले जाणारे ग्लुटराल्डिहाइड हे रसायन प्रथिनांच्या बाबतीत नेमके असेच वागते. ते प्रथिने एकमेकांत गुंफते. जीवाणू त्याने मरतात ते त्यामुळेच. परंतु उपकरण न घासता त्यात बुडवले, तर त्यावरील रक्त, लाळ आणि पटल यांचीही तशीच गुंफण होऊन ती पृष्ठभागाला पक्की चिकटतात. पुढील खेपेला नवे जीवाणू या जुन्या पायावर सहज वस्ती करतात. म्हणजे घासण्याची पायरी गाळून केलेले ‘निर्जंतुकीकरण’ केवळ अपुरे राहत नाही. ते पुढचे काम अधिक अवघड करून ठेवते. याच रसायनाच्या दोन टक्के द्रावणात वीस मिनिटे ठेवणे हे जंतुनाशन, आणि बीजाणूंपर्यंत पोहोचायचे असेल तर सुमारे दहा तास. ‘वीस मिनिटे’ आणि ‘दहा तास’ या दोहोंना आपल्या भाषेत एकच नाम आहे!

काही वर्षांपूर्वी एका दंतचिकित्सालयात (शहराचे नाव येथे अप्रस्तुत आहे) प्रस्तुत लेखक आपली पाळी येण्याची वाट पाहत बसला होता. भिंतीवर सुरेख अक्षरांत पाटी होती : ‘येथे प्रत्येक रुग्णासाठी निर्जंतुक उपकरणे वापरली जातात.’ आतील खोलीचे दार अर्धे उघडे होते. मदतनीस मुलगी नुकतीच वापरलेली उपकरणे थेट एका हिरवट द्रावणाच्या तबकात सोडत होती, आणि काही वेळाने तीच उचलून कापडावर मांडत होती. पाटी खोटी होती असे म्हणता येत नाही. ती लिहिणाऱ्याच्या भाषेत ती खरी होती. आणि त्या मुलीला कोणी विचारले असते तर तिनेही निःशंकपणे तेच उत्तर दिले असते.

रसायनात बुडवून ‘शुद्ध’ झालेले उपकरण पुन्हा अशुद्ध कसे होते, याचे एक बोलके उदाहरण २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेंगळुरूच्या एका रुग्णालयाच्या अहवालात आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर तीसहून अधिक रुग्णांच्या जखमा चिघळल्या. क्षयाच्या जीवाणूंच्या कुळातील एका जातीचा तो संसर्ग होता. उगम सापडला तो द्रावणातून काढलेली उपकरणे खळबळण्याच्या पाण्यात. द्रावणाच्या बाटलीवरच्या मजकुराकडे सर्वांचे लक्ष असते. नंतरच्या पाण्याचे भांडे कोणी घासले, हे विचारण्याची पद्धत नसते.

आणि अगदी अलीकडचे उदाहरण मुळकोवालची आठवण करून देते. तमिळनाडूच्या तिरुपत्तूर जिल्ह्यात २०२२-२३ मध्ये मेंदूच्या मेलिओइडोसिस या दुर्मीळ रोगाचे रुग्ण आढळले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या आणि इतर संस्थांच्या तज्ज्ञांनी केलेला तपास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. २१ रुग्णांपैकी दहा जणांनी वाणियंबाडी येथील एकाच दंतचिकित्सालयात उपचार घेतले होते. त्या दहांतील आठ दगावले. सलाइनची बाटली हिरडीच्या शस्त्रक्रियेत वापरायच्या, निर्जंतुक न केलेल्या अवजाराने उघडायची, सैल झाकून ठेवायची आणि पुन्हापुन्हा वापरायची, अशी तेथील रीत असल्याचे दिसून आले. रोगकारक जीवाणू मातीतला. बाटली, ती उघडण्याचे अवजार आणि मातीतला जीव : १९०२ आणि २०२२ यांत एकशेवीस वर्षांचे अंतर आहे, इतकाच फरक. सलाइन सीलबंद असताना निर्जंतुकच होते. परंतु ‘निर्जंतुक’ हे विशेषण बाटलीला एकदा चिकटले, की झाकण उघडल्यावरही ते उतरत नाही, असे आपण भाषेत मानून चालतो.

शिंपडणे आणि घासणे

ही सैलता केवळ कोशकारांच्या आळसातून आली असे मानणे अन्यायाचे होईल. भाषा संचालनालयाने १९६० नंतर परिभाषेचे जे प्रचंड काम केले त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. विश्वकोशीय मराठीने ‘पूतिरोधक’सारखे शब्दही योजून पाहिले. ते रुळले नाहीत, कारण त्यांना आपल्या व्यवहारात आधार नव्हता. सैलतेचे मूळ अधिक खोल असावे. आपल्या शुद्धाशुद्धतेच्या पारंपरिक कल्पनेत शुद्धी ही एका कृतीने, एका क्षणी होते. पाणी शिंपडले की जागा शुद्ध, बुडी मारली की माणूस सोवळा. कृती झाली की परिणाम गृहीत धरायचा. तो मोजायचा नसतो. जंतुनाशकाच्या तबकात उपकरण बुडवणे या मनोरचनेत अलगद बसते. ज्योत, वाफ, वेळ, तापमान यांचा हिशेब त्यात बसत नाही. ऑटोक्लेव्हमध्ये उष्णतेला चिवट अशा जीवाणूच्या बीजाणूंची कुपी ठेवून, ते खरोखर मेले का हे तपासण्याची रीत आहे. कृतीवर विश्वास न ठेवता परिणाम तपासणे, हा तो संस्कार. आपल्या शब्दाने तो संस्कार आपल्याबरोबर आणला नाही.

याची दुसरी बाजू श्रमाची आहे, आणि ती अधिक टोचणारी आहे. घासणे हे आपल्याकडे कधीच प्रतिष्ठेचे काम नव्हते. घरात ते बाईकडे, दवाखान्यात मावशींकडे किंवा मामांकडे. ‘निर्जंतुकीकरण’ हा संस्कृतप्रचुर शब्द यंत्राला आणि रसायनाला शोभतो, काथ्याला नाही. परिणामी ज्या पायरीवर पुढील सर्व पायऱ्या उभ्या आहेत तिला परिभाषेत नाव नाही, नोंदवहीत रकाना नाही आणि वेतनात स्थान नाही. वापरलेले उपकरण वाळू न देता लगेच थंड पाण्यात टाकावे, कारण गरम पाण्याने रक्त साकळून घट्ट बसते. सांधे उघडून ब्रशने घासावे. पोकळ अवजाराच्या आतून ब्रश फिरवावा : हे ज्ञान ज्या हातांना असायला हवे, ते हात आपल्या शास्त्रीय लेखनात कुठेच दिसत नाहीत.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो विचारात घ्यायला हवा. डॉक्टर इंग्रजीत शिकतात, तिन्ही संज्ञा त्यांना वेगळ्या माहीत असतात. मग मराठी शब्द ढिला असला तर बिघडले कुठे? उत्तर असे, की उपकरण डॉक्टर धूत नाहीत. मुळकोवालचा चिमटा सहाय्यकाच्या हातात होता. तालुक्याच्या गावी दंतवैद्याकडे काम करणारी दहावी-बारावी झालेली मुलगी जी सूचना ऐकते ती मराठीत असते, आणि त्या सूचनेतील क्रियापद बहुधा एकच असते : ‘निर्जंतुक करून ठेव.’ त्यातून तिने काय समजायचे? घासायचे, बुडवायचे की वाफ द्यायची?

उकळण्याचेही असेच. एके काळी गावोगावच्या डॉक्टरांकडे स्पिरिटच्या शेगडीवर पिचकाऱ्या उकळत असत आणि त्या दृश्यानेच रुग्णाला धीर येई. परंतु सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. येथे पाणी साडेअठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते, आणि बीजाणू शंभरालाही दाद देत नाहीत. १२१ अंश गाठायला दाब लागतो. प्रेशर कुकरशी परिचित असलेल्या कोणालाही हे एका वाक्यात समजावता येते. मात्र त्यासाठी ‘उकळणे’ आणि ‘निर्जंतुक करणे’ हे दोन वेगळे शब्दप्रयोग आधी आपल्या वाक्यात वेगळे राहिले पाहिजेत. वाफेलाही आड येणाऱ्या गोष्टी असतात. घट्ट वाळलेला मळ किंवा तेलाचा थर असेल तर ती पोहोचत नाही. उपकरणे बांधायचे सुती कापड कोरे, खळ न काढलेले असले तर तिच्या वाटेत अडथळा येतो. म्हणून नवे कापड आधी धुऊन खळ घालवतात. येथेही धुणे आधी. खळ लावणे आणि काढणे हा ज्या पेठेचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग, तिथे याहून अधिक विवेचन नको.

शब्दांची फेरमांडणी

नवे अवघड शब्द घडवण्याची येथे मुळीच गरज नाही. ‘घासणे’ आणि ‘धुणे’ ही क्रियापदे जशीच्या तशी परिभाषेत घ्यावीत. त्यांचे ‘स्वच्छन’ वगैरे करू नये, कारण त्यांचा श्रम ऐकू आला पाहिजे. ‘जंतुनाशक’ हा शब्द बाजारात रूढ आहेच, त्यावरून ‘जंतुनाशन’ सहज होते आणि रसायनात बुडवणे, पुसणे, फवारणे या सर्वांना ते पुरते. ‘निर्जंतुकीकरण’ फक्त त्या प्रक्रियेला राखून ठेवावे जीत बीजाणूही मरतात. ‘जैवपटल’ हा शब्द प्रस्तुत लेखकाने वापरला आहे, पण त्याचा आग्रह नाही. सूचनापत्रकात ‘बुळबुळीत थर’ म्हटले तरी अर्थ अधिक लवकर पोहोचेल.

सुरुवात दवाखान्यापासून करण्याचेही कारण नाही. एका कनिष्ठ महाविद्यालयाची जीवशास्त्राची प्रात्यक्षिक वही अलीकडे चाळण्यात आली. तीत एकाच पानावर टेबल स्पिरिटने पुसून ‘निर्जंतुक’ करावे, तारेचे वेटोळे ज्योतीवर लाल होईपर्यंत धरून ‘निर्जंतुक’ करावे आणि परीक्षानळ्या वापरल्यावर ‘निर्जंतुक’ करून ठेवाव्यात, अशा तीन सूचना आहेत. पहिलीत ‘पुसावे’, तिसरीत ‘घासून, धुऊन, मग ऑटोक्लेव्ह करावे’ असा बदल करण्यास अभ्यास मंडळाच्या ठरावाची वाट पाहावी लागत नाही. पुढील छपाईच्या वेळी मुद्रितशोधनातही ते करता येईल.